बालसखी

बालसखी : प्राथमिक शाळेत मागे पडलेल्या मुलांना लहान गटात घेऊन, त्यांचे जिथे अडते तिथून शिकवण्याची पद्धत, तशी शिकवणारी तरुणीही बालसखीच. अध्यापक विद्यालयांत या प्रकाराला ‘उपचारात्मक अध्यापन’ म्हणतात. निदान, उपचार हे शब्द वैद्यकातले. त्यांमुळे मूलच आजारी असल्याचा समज होतो. ‘ढ’ म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलाला तो आणखी जाचतो. म्हणून बालसखी हे नाव अधिक उचित वाटते.

‘प्रथम’ ही शिक्षणक्षेत्रातली स्वयंसेवी संस्था 1994–95 च्या सुमारास युनिसेफच्या साहाय्याने मुंबईत सुरू झाली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे हे तिचे संस्थापक. तिचे बालसखीचे वर्ग साधारण 1998 पासून मुंबई महापालिकेच्या शाळांत भरू लागले व पुढे वडोदऱ्यात गेले. तिसरी-चौथीची 15 ते 20 मुले शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास बालसखीकडे असत. ती बहुधा त्याच वस्तीतली, माध्यमिक शिक्षण झालेली. खोली रिकामी नसेल तर वर्ग व्हरांड्यात किंवा मैदानात भरे.

काम कसे चालते ते हातच्याच्या वजाबाकीवरून कळते. 42 मधून 17 वजा करताना मूल 35 लिहिते. ते आळशी नसते. 2 मधून 7 जात नाहीत म्हणून ते 7 मधून 2 काढते. अशा मुलाकडून तेच गणित दहादा घोटून घेण्यात अर्थ नाही. काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवून एक गठ्ठा त्याच्याच हाताने सोडवला, की सुट्या बारा होतात आणि दशक म्हणजे काय ते त्याला दिसते.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल व ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी 2001 ते 2003 मध्ये दोन्ही शहरांत या उपक्रमाची यादृच्छिक चाचणी (बालसखी कुठे द्यायची हे सोडतीसारखे ठरवून, मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी तुलना) घेतली. निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. बालसखी मिळालेल्या शाळांतील गुण पहिल्या वर्षी सरासरी 0.14 आणि दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) वाढले. हा फायदा वर्गातली गर्दी कमी झाल्याचा की पातळीनुसार शिकवल्याचा, हा खरा वादाचा मुद्दा. मागे पडलेली मुले बालसखीकडे गेल्याने मूळ वर्गही लहान झाला होता. तरी तिथे उरलेल्या मुलांच्या गुणांत म्हणण्यासारखी वाढ आढळली नाही. त्यामुळे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. शिकवणी सुटल्यावर मात्र फायदा ओसरतो : वर्षभराने सुरुवातीला मागे असलेल्या मुलांत तो सुमारे 0.1 प्रमाण विचलन इतकाच उरला होता.

‘प्रथम’च्या पुढच्या कामात इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनपातळ्यांनुसार गट पाडण्याची रीत रुळली. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 24 नेही प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवण्याचे कर्तव्य शिक्षकावर टाकले आहे.