तीन चमचे हवा अन् बहात्तर तासांचा गारवा

आमच्या वहिनी उपकेंद्रावर नर्सबाई आहेत, यवतमाळ जिल्ह्यात, सगळा कापसाचा पट्टा. मागे ट्रेनिंगहून घरी आल्या तर सोबत एक रबराची बाहुली, एक हवेची पिशवी (अंबू बॅग म्हणतात तिला, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला) अन् इवलासा गोल मास्क. दुसऱ्या दिवशी सगळं पीएचसीत परत करायचं होतं म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर बाजेवरच प्रॅक्टिस सुरू. मला हसू आलं तर म्हणतात, "काहून हसून राहिले भाऊजी? या, तुम्हीच करून पाहा बरं."

केलं. पिशवी दाबली की गालाच्या बाजूनं हवा फुर्रकन निघून जाय, बाहुलीची छाती जशीच्या तशी. चार वेळा, पाच वेळा, तेच. मग त्यांनी माझी बोटं धरून बसवून दिली, अंगठा अन् त्याच्या बाजूचं बोट मास्कवर गोल, बाकीच्या तीन बोटांनी हनुवटी वर उचललेली, मान थोडी मागं पण जास्त नाही, जास्त केली तर श्वासनळीच दबते. आता दाबलं तर छाती हलली, एवढीशीच. "श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन." या तालावर मिनिटाला चाळीस ते साठ वेळा दाबायचं. एका दाबात तीन किलोच्या बाळाला साधारण पंधरा मिली हवा लागते, म्हणजे चहाचे तीन चमचे. मी तर पिशवी पिळून काढत होतो. खऱ्या बाळाचं फुप्फुस फाटलं असतं, वहिनी म्हणाल्या, अन् मी गप बसलो.

शंभर बाळं जन्मली तर त्यातली पंच्याऐंशीच्या आसपास आपली आपण रडतात, कोणी काही करायची गरज नसते. दहाएक बाळांना कोरडं पुसून, पाठ चोळून, तळपायाला टिचकी मारून जागं करावं लागतं. चार-पाच बाळं तेवढ्यानंही उठत नाहीत, त्यांच्यासाठी ही पिशवी, अन् तीही पहिल्या मिनिटातच. आमच्या आजीच्या काळी सुईण कांदा फोडून नाकाशी धरत होती, थाळी वाजवत होती, आजी सांगते की कधी कधी लेकरू रडायचंही. रडायचं ते वरच्या दहातलं असेल, श्रेय मात्र थाळीला.

आता मेंदूत काय होते ते पाहू, कारण खरी गंमत (गंमत म्हणणं बरं नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) तिथंच आहे. प्रसूती अडली, नाळ दबली, वार लवकर सुटली, काहीही झालं तरी शेवटी बाळाच्या मेंदूला रक्त अन् ऑक्सिजन कमी पडते. मेंदूच्या पेशीचा बराचसा खर्च एकाच कामावर असतो, आत शिरलेलं सोडियम सारखं बाहेर काढणं. विहिरीवरचा मोटारपंप समजा. लाईन गेली की पंप बंद, अन् पेशीत सोडियम भरते, त्याच्यामागं पाणी येते, पेशी फुगते. फुगलेली पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडते, ते शेजारच्या पेशीला भडकवते, तिच्यात कॅल्शियम घुसते, ती पण बिघडते. हा पहिला फटका.

मग डॉक्टर किंवा नर्सबाई बाळाचा श्वास सुरू करून देतात, रंग गुलाबी होते, घरचे पेढे आणायला पाठवतात. आतमध्ये पेशी पण सावरल्यासारख्या दिसतात. अन् सहा ते पंधराएक तासांनी परत कोसळायला लागतात.

हे कसं कळलं? १९८० च्या दशकात लंडनमध्ये ऑस्मंड रेनॉल्ड्स यांच्या टीमनं नवजात बाळांच्या मेंदूतला ऊर्जेचा साठा चुंबकाच्या मशीनमधून मोजला, कवटीला हात न लावता. जन्मानंतर पहिल्या काही तासांत आकडे चांगले यायचे, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घसरायचे, अन् ज्यांचे जास्त घसरले ती बाळं एकतर गेली किंवा अपंग राहिली. आमच्याकडं जिनिंगवाल्याला विचारा, कापसाच्या गंजीला आग लागली तर वरची ज्वाळा विझली म्हणून कोणी घरी जात नाही. आत धुमसत असते, रात्री परत भडकते. मेंदूचं तसंच, पेशीतला मायटोकॉन्ड्रिया नावाचा कारखाना आतून धुमसत राहतो. पण याच गोष्टीत आशा पण आहे, कारण दोन फटक्यांच्या मधात काही तास मिळतात. सगळं संशोधन गेली चाळीस वर्षं या मधल्या तासांमागं धावून राहिलं आहे.

कोणालाही वाटेल की ऑक्सिजन कमी पडला ना, मग भरपूर ऑक्सिजन द्या. डॉक्टरांनाही तेच वाटत होतं अन् कित्येक वर्षं न रडणाऱ्या बाळाला शंभर टक्के ऑक्सिजनच दिला जात होता. याला धक्का दिला तो दिल्लीतल्या एका कामानं. डॉ. सिद्धार्थ रामजी अन् नॉर्वेचे ओला सॉगस्टाड यांनी ८४ बाळांचा अभ्यास १९९३ मध्ये छापला, काहींना शुद्ध ऑक्सिजन, काहींना साधी खोलीतली हवा, ज्यात ऑक्सिजन २१ टक्केच असतो. साध्या हवेची बाळं कुठंच मागं पडली नाहीत. मग १९९८ मध्ये अनेक देशांतली सहाशेच्या वर बाळं घेऊन मोठा अभ्यास झाला, त्यातही तेच निघालं. कारण उपाशी पेशीवर एकदम ऑक्सिजनचा मारा केला की फ्री रॅडिकल्स नावाचे जहाल कण तयार होतात अन् तेच पेशी जाळतात. २०१० पासून जगभरच्या नियमांत पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनंच करायची असं आलं. म्हणजे ज्या उपकेंद्रावर ऑक्सिजनचं सिलिंडर नाही तिथल्या नर्सबाईच्या हातातली पिशवी सुरुवातीला मोठ्या हॉस्पिटलच्या बरोबरीची आहे. मला हे वाचून लय बरं वाटलं होतं, वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "आम्हाले माहीत आहे ते."

आता थंडाव्याचं. बाळाला गरम ठेवा हे तर आपल्या घरोघरी आहे, टोपडं, दुपटं, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी. अन् ते खरंच आहे, १९५८ मध्ये विल्यम सिल्व्हरमन यांनी अमेरिकेत दाखवलं की कमी दिवसांची बाळं नीट गरम ठेवली तर जास्त जगतात. पण त्याच दशकात स्वीडनमध्ये ब्योर्न वेस्टीन अन् त्यांचे सहकारी न रडणाऱ्या बाळांना गार पाण्याच्या टबात ठेवून पाहत होते! सिल्व्हरमनच्या निकालानंतर ती गोष्ट अडगळीत पडली. तीस-चाळीस वर्षांनी मेंढीच्या गर्भावर अन् डुकराच्या पिल्लांवर प्रयोग झाले अन् परत तेच दिसलं, की दोन फटक्यांच्या मधात मेंदू दोन-तीन डिग्री गार ठेवला तर दुसरा फटका हलका बसते. तापमान एक डिग्री उतरलं की मेंदूचा खर्च साधारण ५ ते ७ टक्के कमी होते, धुमसणं मंदावते.

मग खऱ्या बाळांवर चाचण्या. नियम कडक, पूर्ण दिवसांचं बाळ, जन्मल्यावर सहा तासांच्या आत सुरुवात, शरीर ३३.५ डिग्रीवर बहात्तर तास, अन् नंतर हळूहळू गरम करायचं. कोणत्या बाळाला घ्यायचं हे ठरवायला सार्नाट नवरा-बायकोनं १९७६ मध्ये केलेल्या तीन पायऱ्या वापरतात. पहिल्या पायरीचं बाळ चिडचिडं, डोळे टक्क उघडे. दुसरीचं सुस्त, हातपाय ढिले, झटके. तिसरीचं बेशुद्धच, अंगात जोर नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या २०८ बाळांचा निकाल आला, गार न केलेल्यांत ६२ टक्के बाळं दगावली किंवा अपंग राहिली, गार केलेल्यांत ४४ टक्के. पुढं सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, दीड हजाराच्या वर बाळं, तर हिशोब असा आला की सात बाळं गार केली की एकाचा जीव किंवा मेंदू वाचते. श्रीमंत देशांत तेव्हापासून हाच उपचार.

इथपर्यंत वाचून आपल्याकडं कोणीही म्हणेल, मंग करा ना सुरू. मीही म्हटलं असतं. गारवा तर स्वस्त आहे, बर्फाच्या पिशव्या, गार पाण्याच्या बाटल्या, वेल्लोरच्या डॉक्टरांनी तर मेणासारख्या पदार्थाची गादी वापरून दाखवली जी बाळाच्या अंगातली उष्णता ओढून घेते अन् लाईनही लागत नाही. भारतातल्या काही छोट्या अभ्यासांत फायदाही दिसला होता.

पण मग आला हेलिक्स नावाचा अभ्यास. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे डॉ. सुधीन थयिल यांच्या पुढाकारानं भारत, श्रीलंका अन् बांगलादेशातल्या ७ मोठ्या हॉस्पिटलांत २०१५ ते २०१९ मध्ये ४०८ बाळं घेतली. बर्फ-बिर्फ नाही, चांगलं मशीन, व्हेंटिलेटर असलेलं आयसीयू, तेच ३३.५ अन् तेच बहात्तर तास. निकाल २०२१ मध्ये छापून आला. मृत्यू किंवा अपंगत्व, गार केलेल्यांत ५० टक्के, न केलेल्यांत ४७. म्हणजे फायदा नाहीच. अन् नुसते मृत्यू मोजले तर गार केलेल्यांत ४२ टक्के, न केलेल्यांत ३१. गार केल्यानं जास्त लेकरं गेली.

हा आकडा मी दोनदा वाचला. तेच मशीन, तोच नियम, तिकडं जीव वाचते अन् इकडं जाते, असं कसं? वाद झाला, अजूनही आहे. काही डॉक्टर म्हणतात की आपल्याकडच्या चांगल्या आयसीयूत नीट निवडलेल्या बाळाला अजूनही गार करावं, हेलिक्सवाले म्हणतात थांबा. मला जे कारण सगळ्यात पटते ते असं. इंग्लंडमध्ये बऱ्याचदा बाळ ठीक असते अन् अचानक एखादी घटना होते, नाळ बाहेर येते, वार सुटते, एक मोठा धक्का. अशा धक्क्यानंतर घड्याळ सुरू होते अन् सहा तास खरंच सहा तास असतात. आपल्याकडं बऱ्याच बाळांना ऑक्सिजन थोडा थोडा, कित्येक तास, कधी त्याहूनही आधीपासून कमी पडत आलेला असते. आई अशक्त, रक्त कमी, कळा लांबलेल्या. हेलिक्सच्या बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागाची इजा बरीच दिसली, ती अशाच हळूहळू होणाऱ्या नुकसानीची खूण. म्हणजे जन्माला घड्याळ सुरू केलं तरी आतली गंजी कधीच जळून गेलेली.

धारणीहून अमरावतीला यायचं तर मेळघाटचा घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात तर विचारू नका. सहा तासांचा हिशोब तिथं बसूनच करून पाहावा.

अन् एक गोष्ट आपल्या भागासाठी खास. गार करणं वादात असलं तरी गरम होऊ देणं वाईट यात वाद नाही. अमेरिकेच्या चाचणीत ज्या बाळांचं तापमान वर गेलं होतं त्यांचं नुकसान जास्त झालेलं दिसलं. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर, ॲम्ब्युलन्सचा पत्रा तापलेला, अन् आजीनं बाळाला तीन दुपट्यांत गुंडाळून टोपडं घातलेलं. न रडलेल्या बाळाचा ताप थर्मामीटरनं मोजत राहणं, ३७.५ च्या वर जाऊ न देणं, एवढं तरी वाटेत करता येते. थंडीत उलटं, कारण आपोआप गार पडणं अन् मशीननं मोजून गार करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरी बर्फ लावायचा विचारही कोणी करू नये.

औषधांचंही सांगतो, थोडक्यात, कारण फार हाती लागलं नाही. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन मेंदू वाचवते अशी मोठी आशा होती, २०२२ मध्ये अमेरिकेत ५०० बाळांवर गारव्यासोबत दिलं, काही फायदा नाही.

पण आपल्या विदर्भातलंच एक काम आहे जे मला या सगळ्यापेक्षा जवळचं वाटते. गडचिरोलीत डॉ. अभय अन् डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या, गावातल्याच बाया, बहुतेक प्रसूती घरीच व्हायच्या तो काळ. त्यांना शिकवलं की बाळ जन्मलं की काय पाहायचं, श्वास नसेल तर काय करायचं. आधी तोंडानं फुंकणं, मग नळी-मास्क, मग ही पिशवी. १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापलं तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते, अन् गुदमरून होणारे मृत्यू पुढच्या हिशोबात जवळपास दोन तृतीयांशानं उतरले. लंडनचा निकाल आणून नाही, तिथंच मोजून.

आमच्या गल्लीत एक पोरगी आहे, पाच वर्षांची. तिच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं आहे, बर्थ अस्फिक्सिया (जन्मताना गुदमरणं), एचआयई (ऑक्सिजन कमी पडून मेंदूला झालेली इजा) स्टेज टू, अपगार तीन. अपगार म्हणजे व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९५२ मध्ये काढलेला दहापैकी मार्कांचा हिशोब, रंग, नाडी, हालचाल वगैरे. तिची आई मला विचारते, "माझ्याच खाण्यापिण्यात काही चुकलं का हो?" सासू म्हणते ग्रहणात भाजी चिरली. मी एवढंच सांगू शकलो की ग्रहणाचा काही संबंध नाही अन् दुसऱ्या पायरीची बरीच बाळं चांगली सुटतात. पोरगी उशिरा चालली, डाव्या पायानं थोडी फेंगडी, पण बोलायला लागली की थांबत नाही.

सकाळी वहिनी सामान भरायला बसल्या तर मास्क गायब. अख्खं घर उलटंपालटं, त्यांची बस नऊची. शेवटी बाजेखाली सापडला, माझ्या पुतणीनं आपल्या प्लास्टिकच्या बाहुलीच्या तोंडाला लावला होता अन् मोजत होती, "श्वास, दोन, तीन." वहिनींनी आधी बोटं बरोबर बसली का ते पाहिलं, मग रागावल्या.