मुठीच्या लाकडात रेझिन मुरत का नाही?

बुरशीच्या काळ्या रेषा पडलेलं आंब्याचं लाकूड सुरीच्या मुठीला फार देखणं दिसतं. पण ते तसंच लावलं तर पाण्याने फुगतं, सुकलं की आकसतं आणि रिव्हेटपाशी तडकतं. म्हणून हौशी कारागीर त्यात पातळ मेथाक्रायलेट रेझिन (तापवलं की प्लॅस्टिकसारखं कडक होणारं द्रव) मुरवतात: ठोकळा बंद भांड्यात रेझिनमध्ये बुडवून पंपाने हवा काढून घेतात आणि मग ओव्हनमध्ये तापवून रेझिन आतल्या आत घट्ट करतात. तक्रारी मात्र ठरलेल्या: बुडबुडे थांबतच नाहीत, ठोकळा चिरला की मधोमध कोरडा पट्टा निघतो किंवा गाभा चिकट राहतो. सगळे पंपाला दोष देतात. बहुतेक वेळा गुन्हेगार असतं लाकडातलं पाणी.

हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटरवर आला की पाणी २५ अंश सेल्सियसलाच उकळतं. चांगला पंप तिथवर सहज पोहोचतो. म्हणजे तासन्‌तास येणारे ते बारीक बुडबुडे हवेचे नसून वाफेचे असू शकतात. कोकणात पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेलं ‘वाळलेलं’ लाकूडही हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं. त्यामुळे ठोकळा साधारण १०५ अंशांवर, वजन उतरायचं पूर्ण थांबेपर्यंत वाळवायचा आणि हवाबंद पिशवीत गार करूनच रेझिनमध्ये बुडवायचा. गरम टाकला तर रेझिन भांड्यातच घट्ट व्हायला लागतं.

पुणेकरांसाठी एक गोष्ट: समुद्रसपाटीवर पूर्ण निर्वात झाल्यावर पंपाचा गेज (दाबमापक) पाऱ्याचे जवळपास ३० इंच दाखवतो. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाबच कमी, म्हणून काटा २८ च्या आसपासच अडकणार. पंप बदलू नका.

पंप रेझिन आत ओढतही नाही. तो फक्त लाकडातली हवा काढतो. रेझिन आत ढकललं जातं ते भांड्यात हवा परत सोडणारा व्हॉल्व्ह उघडल्यावर, बाहेरच्या हवेच्या दाबाने, आणि तेही सावकाश. बुडबुडे थांबताच ठोकळा बाहेर काढणारे इथेच फसतात. व्हॅक्यूमला जितका वेळ दिला, त्याच्या किमान दुप्पट वेळ तो रेझिनमध्ये बुडालेला राहू द्यावा.

आत किती गेलं, ते वजनकाटा सांगतो. १२० × ४० × ३० मिलिमीटरचा ठोकळा १४४ घनसेंटिमीटरचा. कोरडं वजन ७२ ग्रॅम धरू. लाकडाच्या पेशीभित्तिकेची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम, म्हणजे भरीव लाकूड ४८ घनसेंटिमीटर आणि पोकळी ९६. रेझिनची घनता एकच्या जवळपास असते, तेव्हा वजन १६५-१७० ग्रॅमपर्यंत जायला हवं. ११० वरच थांबलं तर निम्म्याहून जास्त पोकळी रिकामीच आहे.

चिकट गाभ्यामागेही बरेचदा ओलावाच असतो. उरलेलं पाणी वाफ होताना उष्णता खातं, त्यामुळे ओव्हन ९५ अंश दाखवत असला तरी ठोकळ्याचा मध्य थंडच राहतो. शिवाय वाफ रेझिनला बाहेर ढकलते. ठोकळा फॉइलमध्ये गुंडाळून, एका वाया जाणाऱ्या तुकड्याच्या मध्यात थर्मामीटर खुपसून बघावं.

शिसवीची गोष्ट वेगळी. तिच्या गाभ्यातली काही नैसर्गिक रसायनं रेझिनची साखळी जुळूच देत नाहीत, म्हणजे ते घट्टच होत नाही, मग लाकूड कितीही वाळवा. सागही तेलकट. ही लाकडं मुळातच टिकाऊ आहेत. त्यांना नुसतं तेल चोळून पॉलिश करावं आणि रेझिन आंब्यासाठी राखून ठेवावं.