लॉकहीड कॉन्स्टेलेशन

चार पिस्टन इंजिने आणि तीन उभ्या पात्यांची शेपटी असलेले अमेरिकी प्रवासी विमान. हॉवर्ड ह्यूज यांच्या टीडब्ल्यूए या विमान कंपनीसाठी १९३९ मध्ये त्याचा आराखडा सुरू झाला. पहिले उड्डाण ९ जानेवारी १९४३ रोजी कॅलिफोर्नियात बरबँक येथे झाले. युद्धामुळे सुरुवातीची विमाने लष्कराने घेतली. १९५८ पर्यंत ८५६ विमाने बनली.

त्याचा डौल मुख्यतः अडचणींतून आला. पंख्यांची पाती लांब, म्हणून विमान उंच पायांवर उभे करावे लागले. पुढच्या चाकाचा पाय फार लांबू नये म्हणून नाक खाली झुकवले आणि शेपटी वर उचलली. शेपटीचे एकच उंच पाते तेव्हाच्या हँगरांत मावले नसते, म्हणून ठेंगणी तीन लावली. या बाकदार अंगकाठीची किंमत कारखान्याला मोजावी लागली: सांगाड्याची कडी जागोजागी वेगळ्या मापाची. डग्लस कंपनीचे प्रतिस्पर्धी विमान डीसी-६ म्हणजे सरळ नळकांडे. बांधायला सोपे, लांबवायलाही सोपे. राईट कंपनीची १८ सिलिंडरांची इंजिनेही तापट होती. वाटेत एखादे बंद पडे, म्हणून थट्टेखोर त्याला 'जगातले सर्वोत्तम तीन इंजिनी विमान' म्हणत.

भारताच्या हवाई इतिहासात त्याला मानाचे पान आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५०ला आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळले. ४८ जण दगावले. ११ एप्रिल १९५५ रोजी इंडोनेशियातल्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेसाठी प्रतिनिधींना नेणाऱ्या 'काश्मीर प्रिन्सेस'मध्ये हाँगकाँगला बॉम्ब दडवला गेला. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय त्याच विमानाने जाणार होते, पण गेले नाहीत. स्फोटानंतर कॅप्टन जटार यांनी पेटलेले विमान समुद्रात उतरवले. १९ पैकी तिघेच वाचले; देखभाल अभियंता अनंत कर्णिक त्यांपैकी एक.

जेट विमाने आल्यावर एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन (याच विमानाची लांबवलेली आवृत्ती) हवाई दलाकडे गेली आणि पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून सागरी टेहळणी करू लागली. १९७६ मध्ये त्यांतली पाच नौदलाने घेतली आणि गोव्यात ठेवली. मूळची 'रानी ऑफ एलोरा' दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात उभी आहे. ती मागून पाहावी. तिन्ही पाती तिथूनच नीट दिसतात.