एचेव्हेरिया : मुंबईतील लागवड व अभिवृद्धी

क्रॅसुलेसी कुलातील, म्हणजे पानफुटीच्या कुलातील, मांसल पानांच्या वनस्पतींची ही प्रजाती. आखूड खोडाभोवती पाने एकावर एक रचली जाऊन कमळासारखा गुच्छ तयार होतो. प्रजातीत दीडशेच्या आसपास जाती असून बहुतेक मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या आहेत. थोड्या मध्य अमेरिकेतून अर्जेंटिनापर्यंत आढळतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोतील वनस्पती-सर्वेक्षणासाठी चित्रे काढणाऱ्या आतानासिओ एचेव्हेरिया याच्या नावावरून फ्रेंच भाषक स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने १८२८ मध्ये तिला हे नाव दिले. पानांवरची पांढरट भुकटी म्हणजे मेण. बोटाने पुसली गेली तर त्या पानावर ती पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून रोप नेहमी खोडाला किंवा कुंडीला धरून उचलावे.

मुंबईत ही झाडे जास्त पाण्याने मरतात असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. या कुलातील वनस्पती पर्णरंध्रे रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात. मूळ प्रदेशातील रात्री थंड आणि कोरड्या असतात. मुंबईत मे-जूनमध्ये रात्रीचे तापमान २७ अंशांच्या आसपास राहते व हवा दमट असते. अशा रात्री झाडाची कमाई घटते, श्वसनात खर्च वाढतो आणि पानांतून पाणी फारसे उडत नसल्याने कुंडी आठवडाभर ओली राहते. म्हणजे जे पाणी जानेवारीत योग्य, तेच जुलैत घातक. येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वाढीचा काळ, उरलेले वर्ष तग धरण्याचे.

प्रकाशाचे गणितही मुंबईत उलटे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने दक्षिणेच्या खिडकीत ऊन खोलवर येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र दुपारचा सूर्य माथ्यापेक्षा किंचित उत्तरेला असतो आणि त्याच खिडकीत थेट ऊन जवळपास येतच नाही. त्यात ढगांची भर. मग गुच्छाची पाने खाली झुकतात, पानापानांतले अंतर वाढते, खोड उंच होते. लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. पावसाळ्यात रोप पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत हलवावे किंवा वीतभर उंचीवर पांढरा एलईडी दिवा रोज १२ तास लावावा. रोज चार तास सकाळचे ऊन उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र हिरवी जाळी बांधावी, नाहीतर पानांवर तपकिरी डाग पडतात. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुंडी ठेवू नये.

नर्सरीतून आणलेले रोप बहुधा थंड हवेच्या ठिकाणी, निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेले असते. मुळांमधला तो गोळा शक्य तितका काढून टाकावा. मुंबईत तो मधोमध दोन-दोन आठवडे ओला राहतो. आकारमानाने दोन भाग विटांचे तुकडे (३ ते ६ मिमी, चाळून धूळ काढलेले), एक भाग परलाइट (ज्वालामुखी खडक भाजून फुगवलेले हलके पांढरे दाणे) आणि एक भाग चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत हे मिश्रण चालते. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरायची तर आधी धुवावी. तिच्यातली भुकटी सिमेंटसारखी बसते. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असते. नर्सरीची लाल माती या झाडांसाठी न वापरलेलीच बरी. कुंडी बिनरंगाची मातीची, गुच्छापेक्षा फार तर एक इंच रुंद असावी.

हिवाळ्यात दर ८-१० दिवसांनी, तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. ४ इंची कुंडीला साधारण १०० मिली पुरते. वेळापत्रकापेक्षा कुंडीचे वजन आणि खालची पाने पाहावीत. पाने मऊ पडून सुरकुतली की तहान. पाने पिवळट, पारदर्शक होऊन हात लावताच गळू लागली तर कूज सुरू झाली. पावसाळ्यात कुंडी छपराखाली ठेवावी, तीन आठवड्यांनी अर्धा पेला पाणी द्यावे आणि रात्री पंख्याचा वारा लागू द्यावा. ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंड्यांवर नैऋत्येचा पाऊस आडवा येतो, पत्र्याचा तिथे उपयोग नाही.

एवढे करूनही पावसाळ्यात काही रोपे जातातच. म्हणून हिवाळ्यातच त्यांची पिल्ले करून ठेवणे हा मुंबईतला खरा उपाय.

पानापासून रोप करताना खालचे भरलेले पान धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवत खोडापासून संपूर्ण सोडवावे. पानफुटीला पानाच्या कडेच्या खाचांतून रोपे फुटतात. एचेव्हेरियाचा कोंब मात्र देठाच्या टोकातूनच येतो. ते टोक खोडावर राहिले तर पानाला फार तर मुळे फुटतात, कोंब नाही. पाने तीन ते पाच दिवस सावलीत सुकवून कोरड्या मिश्रणावर नुसती आडवी ठेवावीत, पुरू नयेत. दोन ते चार आठवड्यांत गुलाबी मुळे दिसली की मुळांपाशी फवाऱ्याने थोडे पाणी द्यावे. कोंब नाणेभर होईपर्यंत जुने पान ओढून काढू नये, त्याच्याच साठ्यावर पिल्लू वाढते. मोठ्या, झालरदार पानांच्या वाणांत पाने बरेचदा कुजतात. त्यांच्या फुलाच्या दांड्यावरची छोटी पाने घ्यावीत, ती अधिक खात्रीने रुजतात. चित्रपर्णी (पानांवर पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या) वाणांचे पानापासून केलेले रोप अनेकदा साधे हिरवे निघते, त्यांची पिल्लेच वेगळी करावीत.

उंच वाढलेल्या झाडाचा शेंडा धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने दोन-तीन सेंटिमीटर खोडासह कापावा आणि आठवडाभर उभा सुकवून लावावा. उरलेल्या खुंटावर चार-पाच पाने ठेवली तर महिन्या-दीड महिन्यात बाजूंनी पिल्ले फुटतात. कुजलेल्या झाडालाही हेच लागू. कापाच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसत असेल तर तो नाहीसा होईपर्यंत वर वर कापत जावे, दरवेळी पाते पुसून. बियाणे धुळीसारखे बारीक असते आणि संकरित वाणांचे रोप आईसारखे येत नाही, त्यामुळे घरगुती लागवडीत त्याचा फारसा फायदा नाही.

पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने संध्याकाळी टिपावा आणि आठवड्याने पुन्हा तपासावे. पाणी देऊनही रोप सुरकुतलेलेच राहिले तर उपटून मुळे पाहावीत, हा कीटक तिथेही लपतो. निंबोळी तेलाने मेणाचा थर जातो.

फिकट निळसर, दाट मेणाची एचेव्हेरिया लाउई मुंबईत नवशिक्याने घेऊ नये. ग्रॅप्टोपेटलम पॅराग्वायेन्स ही याच कुलातली वनस्पती आणि तिचे एचेव्हेरियाशी केलेले संकर उकाडा बऱ्यापैकी सोसतात. ऊनच येत नसेल तर हावर्थिया लावावी. ती कोरफडीच्या कुलातली असून तिची वाढ पिल्लांपासून करतात.