रेंज फुल्ल म्हणजे नेट फास्ट? तसं नसतं

फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल, 'रेंजच्या सगळ्या काड्या दिसत असतील तर ऑनलाइन क्लास अडकूच शकत नाही, पोरगं बहाणे करतंय.' तसं वाटणं साहजिक आहे, पण काड्या फक्त टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात पोचतो तेवढंच सांगतात, त्या टॉवरवर त्या वेळी किती फोन चालू आहेत ते नाही. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात संध्याकाळी ट्यूशनच्या वेळेला अख्खा वाडा एकाच टॉवरवर, नेट सगळ्यांत वाटलं जातं, मग काड्या फुल्ल आणि बाई स्क्रीनवर खडू धरून गोठलेल्या (चतुर्थीला गाव भरतो तेव्हा तर विचारूच नका). तपासायचं तर एकाच जागी बसून पहाटे ५ ला आणि रात्री ८ ला स्पीड टेस्ट करा, काड्या तेवढ्याच दिसतील पण आकडा बऱ्याचदा वेगळा येतो. आणि क्लास अडकलाच तर व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवून बघा, आवाजाला डेटा खूप कमी लागतो.