सूर्येतर ग्रहांवरील परिस्थिती

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर तापमान, हवा, दिवस-रात्र कशी असेल, याचा मोजक्या निरीक्षणांवरून बांधलेला अंदाज. असे बहुतेक ग्रह दुर्बिणीतूनही दिसत नाहीत; ताऱ्याच्या झगमगाटात ते हरवून जातात. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो, त्यावरून ग्रहाचे किमान वस्तुमान कळते. ग्रह ताऱ्यासमोरून गेला, तर उजेडात पडणाऱ्या तुटीवरून त्रिज्या निघते. दोन्ही हाती आले की घनता आणि गुरुत्व काढता येते.

१९९५ मध्ये मिशेल मेयर व दिदिए केलोझ या खगोलशास्त्रज्ञांना महाश्व तारकासमूहातील ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूच्या जवळपास निम्म्या वस्तुमानाचा ग्रह सापडला. त्याचे वर्ष अवघे ४.२ दिवसांचे. मोठे ग्रह ताऱ्यापासून दूरच असणार, हे सूर्यमालेवरून बांधलेले आडाखे तिथेच कोलमडले.

तापमानाचा हिशोब वरवर सोपा आहे: ताऱ्याकडून किती ऊर्जा मिळते आणि किती परतवली जाते. पण या हिशोबाने पृथ्वी उणे १८ अंश सेल्सिअस निघते. प्रत्यक्षात सरासरी सुमारे १५ अंश आहे; हा फरक उष्णता धरून ठेवणाऱ्या हवेच्या पांघरुणाचा. शुक्राचे ढग इतका प्रकाश परतवतात की या हिशोबाने तो पृथ्वीहून थंड ठरतो, आणि त्याची जमीन मात्र ४६० अंशांवर तापलेली असते. दुरून पाहणाऱ्याला हे दोघे जुळे वाटतील. म्हणूनच ‘वास्तव्ययोग्य पट्टा’ हा शब्द जपून वापरायला हवा: हवा अनुकूल असेल तर तिथे पाणी द्रवरूपात राहू शकते, एवढाच त्याचा अर्थ. कुंभेतील ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता अंतराळातील जेम्स वेब दुर्बिणीने मोजली (२०२३). दिवसाची बाजू सुमारे २३० अंश भरली. दाट हवा असती तर तिने उष्णता काळोख्या बाजूला नेली असती आणि ही बाजू इतकी तापली नसती; म्हणजे दाट हवेचे पांघरूण नसल्याचीच खूण.

४.२ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा बी हा ग्रह (शोध २०१६) प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याभोवती ११.२ दिवसांत फिरतो. त्याची एकच बाजू ताऱ्याकडे राहत असेल, तर तिथे तारा उगवत नाही की मावळत नाही. ताऱ्याची तबकडी आपल्या सूर्यबिंबाच्या तिप्पट रुंद दिसेल. चित्रांत ती लालभडक रंगवतात. खरे तर उजेड जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळट-नारिंगी असेल. काळोख्या बाजूच्या आकाशात शर्मिष्ठेत एक जादा ठळक तारा दिसेल, तो आपला सूर्य. हवा पुरेशी असेल तर वारे ऊब पलीकडे नेतील. फार विरळ असेल तर काळोखात गोठून जमिनीवर साचेल. ताऱ्याच्या प्रचंड भडक्यांत ती कधीच उडून गेली असण्याचीही शक्यता आहे. हा ग्रह आपल्याकडून पाहता ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही, त्यामुळे त्याची त्रिज्यासुद्धा अजून मोजता आलेली नाही.