जांभळा रंग उडाला म्हणजे औषध सापडलं असं नव्हे

समुद्री जीवाणूंमध्ये अँटिऑक्सिडंट, म्हणजे रॅडिकल नावाच्या अतिक्रियाशील रेणूंना निष्प्रभ करणारं द्रव्य, सापडलं की बातमीच्या दुसऱ्याच ओळीत कर्करोग आणि मधुमेह हजर असतात. परीक्षानळीतला गुण आणि शरीरातला गुण यांची ही सरमिसळ आता थांबायला हवी.

असं द्रव्य जीवाणूतून येतं की शेवाळातून, हा गोंधळ त्यामानाने किरकोळ. अ‍ॅस्टाझॅन्थिन या लालसर अँटिऑक्सिडंट रंगद्रव्याच्या नैसर्गिक कॅप्सूल बहुतेक हिमॅटोकॉकस या गोड्या पाण्यातल्या शेवाळापासून येतात. कोरियाच्या हेउंडे किनाऱ्यावर सापडलेला पॅराकॉकस हेउंडेन्सिस हा जीवाणूही तेच रंगद्रव्य बनवतो.

खरी गोची चाचणीत आहे. प्लेटवर जीवाणूंच्या केशरी वसाहती वाढवायच्या, पेशींचा अर्क मिथेनॉलमध्ये काढायचा आणि तो डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात मिसळून अर्धा तास अंधारात ठेवायचा. जांभळा रंग पिवळ्याकडे झुकला की ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण घटतं, आणि त्या घटीलाच आपण अँटिऑक्सिडंट क्षमता म्हणतो. पण डीपीपीएच हा प्रयोगशाळेतला रॅडिकल आहे, शरीरात तो कुठेच नसतो. शिवाय केशरी अर्क स्वतःच त्या पट्ट्याच्या आसपास प्रकाश शोषतो. नुसत्या अर्काचं वाचन वजा न करता छापलेले आकडे मी तरी ग्राह्य धरत नाही.

शरीरात हिशोबच बदलतो. आधी रेणू आतड्यातून रक्तात उतरायला हवा, यकृताच्या तडाख्यातून वाचायला हवा आणि पेशीत पुरेशा प्रमाणात पोहोचायला हवा. तिथे कॅटलेज, ग्लुटाथिओन हे शरीराचे स्वतःचे रक्षक आधीपासून कामाला जुंपलेले असतात. हायड्रॉक्सिल रॅडिकल तर इतका उतावळा, की शेजारी जो रेणू सापडेल त्याच्यावर तुटून पडतो. बाहेरून आलेल्या चिमूटभर अँटिऑक्सिडंटची वाट तो बघत नाही. आणि सगळे रॅडिकल वैरी नसतात. आपल्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड हा रॅडिकल तयार करूनच जंतू मारतात.

बीटा कॅरोटीनही परीक्षानळीत उत्तम ठरलं होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. हा निकाल माहीत असूनही नळीतल्या आकड्यावर रुग्णांना आशा दाखवणं मला अक्षम्य वाटतं.

समुद्री जीवाणूंपासून औषधाच्या वाटेवर खरंच लांबवर गेलेला रेणू बघायचा तर सॅलिनोस्पोरा ट्रॉपिका या जीवाणूचा सॅलिनोस्पोरामाइड ए बघा. बहामाजच्या समुद्रतळातल्या गाळातून आलेला हा रेणू मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला, तो प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतली नको असलेली प्रथिनं मोडणारं यंत्र, हे नेमकं लक्ष्य गाठतो म्हणून. अँटिऑक्सिडंट म्हणून त्याला कोणी निवडलं नव्हतं.

नळीतल्या चाचणीचा थेट उपयोग मला दिसतो तो माशाचं तेल खवट होऊ न देण्यात. तिथे ऑक्सिडेशन बाटलीतच होतं. वाटेत आतडं नाही, यकृत नाही. तरी डीपीपीएचवर न थांबता त्याच तेलात अर्क घालून पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेल किती खवटायला लागलंय याचं माप, मोजावं.